झोपेत दात खाणे : मुलगा सहा वर्षांचा, वडील बेचाळीस वर्षांचे

प्रश्न : मोगरा_सातारा

नमस्कार. आमच्या घरात एका खोलीत तीन माणसे झोपतात. त्यांतली दोन झोपेत दात खातात आणि तिसरी, म्हणजे मी, ते ऐकत जागी राहते. मुलगा सहा वर्षांचा असून पहिलीत शिकतो. झोप लागून तास-दीड तास झाला की त्याचे दात खाणे सुरू होते. रिकामे जाते ओढावे तसा तो आवाज असतो. पाच-दहा सेकंद करकर, मग शांतता, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. सकाळी विचारले तर त्याला काहीच आठवत नाही, आणि दात किंवा जबडा दुखत असल्याची तक्रारही तो करत नाही. मात्र त्याचे दुधाचे सुळे पूर्वीसारखे टोकदार राहिलेले नाहीत, ते कानशीने घासल्यासारखे सपाट दिसू लागले आहेत, आणि ते पाहून मी घाबरले आहे. तो बहुतेक वेळा तोंड उघडे ठेवून झोपतो, उशी लाळेने ओली होते आणि सर्दी झाली की घोरतोही.

सासूबाईंचे म्हणणे असे, की पोटात जंत झाले की मूल दात खाते. ऑगस्टमध्ये शाळेत जंतनाशक गोळी मिळाली होती, त्यानंतर आमच्या डॉक्टरांनी आणखी एकदा औषध दिले, तरी आवाज होता तसाच आहे. आता वावडिंगाचे पाणी सुरू करावे का, यावर घरात चर्चा चालू आहे. नात्यातल्या एका बाईंनी तर तो झोपला की त्याच्या तोंडात चिमूटभर मीठ घालण्याचा उपाय सुचवला. तो मी अर्थातच केलेला नाही.

यजमानांची गोष्ट थोडी निराळी आहे. ते बँकेत अधिकारी आहेत, वय ४२. त्यांचा आवाज मुलाइतका येत नाही, पण दोन वर्षांपासून सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो आणि दोन्ही कानशिले दुखत असतात. दहा-अकरा वाजेपर्यंत ते दुखणे आपोआप कमी होते. गेल्या महिन्यात खालच्या दाढेवर बसवलेल्या कॅपचा टवका उडाला, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी रात्री लावायचा नाइट गार्ड करून घेण्यास सांगितले. त्यांच्या एका सहकाऱ्याच्या मते तो गार्ड ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतो. ते घोरतात, दिवसाला पाच-सहा कप चहा घेतात, आणि चिंतेच्या त्रासासाठी आठ महिन्यांपासून त्यांना मनोविकारतज्ज्ञांनी एक गोळी चालू केली आहे.

या दोघांचे दुखणे एकच समजावे का? ते वडिलांकडून मुलाकडे आले असेल का? मुलालाही गार्ड लावावा लागेल का? आणि सर्वांत आधी कोणाला दाखवावे, दातांच्या डॉक्टरांना, बालरोगतज्ज्ञांना की आणखी कोणाला? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.


उत्तर १ : दंतकथा

मोगराताई, मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. मुलाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान सांगणे योग्य नाही, म्हणून खालील मजकूर माहिती म्हणून वाचावा. आधी मुलाविषयी लिहिते, कारण तुमची भीती तिथे जास्त आहे आणि तिला कारण मात्र तितके नाही.

झोपेत चावण्याचे स्नायू अधूनमधून लयीत आकसणे ही गोष्ट निरोगी माणसांतही घडते. निम्म्याहून अधिक लोकांच्या झोपेत ती नोंदवली गेली आहे. दात खाणाऱ्यांत ती अधिक वेळा आणि अधिक जोराने घडते, आणि त्या क्षणी वरखालचे दात एकमेकांवर टेकलेले असल्यामुळे आवाज येतो. झोपेच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी, हृदयाचे ठोके आणि जबड्याचे स्नायू एकाच वेळी नोंदवले, की एक क्रम दिसतो. आधी झोप काही सेकंद उथळ होते, मेंदू क्षणभर जागेपणाच्या काठावर येतो, हृदयाची गती वाढते आणि त्यानंतर जबडा आवळला जातो. म्हणजे दात खाणे हे बहुतेक वेळा झोपेत उठलेल्या तरंगाचे शेवटचे टोक असते. त्यामुळे दाताकडे पाहण्याआधी या मुलाची झोप कशामुळे हलते आहे, असे विचारावे लागते. निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये एकत्र येऊन याची व्याख्या केली, तेव्हा एरवी निरोगी असलेल्या माणसात याला आजार न म्हणता स्नायूंची एक वर्तणूक म्हणावे, असे त्यांनी ठरवले. दुखणे, दात झिजणे किंवा श्वासाचा त्रास सोबत असेल, तर अर्थातच लक्ष घालावे लागते.

मुलांत हे फार सर्रास आढळते. किती सर्रास, याचे आकडे मात्र पाहणीगणिक बदलतात, कारण बहुतेक पाहण्या पालकांच्या सांगण्यावर आधारलेल्या असतात आणि ज्या घरात मूल आईच्या कुशीत झोपते तिथे जे ऐकू येते, ते वेगळ्या खोलीत झोपणाऱ्या मुलाच्या आईला कळतही नाही. आपल्याकडे ही तक्रार घेऊन माता अधिक येतात त्यामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते. समोरचे वरखालचे दात आल्यावर, वर्षाच्या आसपासही काही बाळे दात खाऊ लागतात. दुधाचे दात पडून कायमचे येण्याच्या वयात, म्हणजे साधारण सहा ते बाराच्या दरम्यान, बहुतेकांची ही सवय आपोआप ओसरते.

आता सपाट झालेल्या सुळ्यांविषयी. दुधाच्या दातांवरचे इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, कायमच्या दातांपेक्षा पातळ असते आणि सहाव्या वर्षापर्यंत सुळे थोडे बोथट होणे हे नेहमीच्या वापरातही घडते. दाताला ठणका नाही, गरम-गार लागत नाही, पिवळसर भाग उघडा पडलेला नाही, तर काही करावे लागत नाही. ते दात काही वर्षांत पडणारच आहेत. मी मात्र एका गोष्टीकडे नक्की लक्ष देईन. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने पालकांना ती दुधाचीच वाटते, पण ती आयुष्यभराची असते. ती झिजते आहे का, कीड लागते आहे का, हे पाहून ठेवावे आणि दर सहा महिन्यांनी दातांचे फोटो काढावेत, म्हणजे झीज पुढे सरकते आहे की थांबली आहे हे अंदाजाने न ठरवता पाहून ठरवता येते. मूल लिंबू-मीठ किंवा चिंच चोखत असेल, फसफसणारी पेये पीत असेल किंवा त्याला आंबट पाणी वर येण्याचा त्रास असेल, तर त्या आम्लाने मऊ झालेले इनॅमल घासून लवकर जाते. अशी झीज निव्वळ दात खाण्याच्या माथी मारली जाते.

नाइट गार्ड या वयात मी सहसा देत नाही. जबडा वाढत असतो, दात पडत आणि येत असतात, आज बसलेला गार्ड तीन महिन्यांनी बसत नाही आणि वाढीला अडथळा मात्र होऊ शकतो.

तुमच्या मजकुरात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते तोंड उघडे ठेवून झोपणे आणि घोरणे. टॉन्सिल किंवा नाकामागची ॲडेनॉइड नावाची गाठ मोठी असेल, किंवा ॲलर्जीने नाक सतत चोंदत असेल, तर श्वास अडून झोप वारंवार मोडते आणि अशा मुलांत दात खाणे अधिक दिसते. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञ, आणि त्यांनी सुचवल्यास कान-नाक-घशाचे डॉक्टर, हा क्रम मी सुचवेन. दात खाताना अंग ताठ होणे, डोळे फिरवणे, जीभ चावली जाणे असे काही दिसले, तर मात्र वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना सांगावे, कारण ते झटके असू शकतात.

वाढत्या वयात दात खाणे घराण्यात चालत आलेले दिसते, हे खरे आहे. त्याचा अर्थ एवढाच, की कल असू शकतो. कारण दोघांचे एकच असेल असे नाही.


उत्तर २ : जुना_वाचक

मी निवृत्त शिक्षक आहे आणि डॉक्टर नाही. दंतकथा यांनी जंतांविषयी काहीच लिहिलेले नाही, म्हणून दोन शब्द लिहितो. आपल्या आजी-पणज्यांनी जंतांचा आणि दात खाण्याचा संबंध जोडला, त्याला केवळ अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. अनवाणी फिरण्याच्या आणि उघड्यावर बसण्याच्या काळात जवळपास प्रत्येक मुलाच्या पोटात जंत असत, आणि त्यांतली कितीतरी मुले दात खात असत. दोन गोष्टी सतत एकत्र दिसल्या, म्हणून एकीने दुसरी होते असे मानले गेले. त्यात निरीक्षण होते; निष्कर्ष तपासण्याची सोय तेवढी नव्हती.

माझ्या नातवाला चार वर्षांपूर्वी सुतासारख्या पांढऱ्या बारीक जंतांचा त्रास झाला होता. या जंतांची मादी रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालते, तिथे खाज सुटते, आणि मूल चुळबुळ करत राहते. नातू त्या काळात दातही खात असे. डॉक्टरांनी सकाळी उठल्याबरोबर, शौचाला जाण्याआधी आणि धुण्याआधी, त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावून ती काचेच्या पट्टीवर तपासायला सांगितली, आणि त्यात अंडी सापडली. औषध एकट्या नातवाला न देता घरातल्या सर्वांना दिले, दोन आठवड्यांनी पुन्हा दिले, नखे बारीक कापून ठेवली, चादरी आणि आतले कपडे गरम पाण्यात धुतले. नातू शांत झोपू लागला. त्याचे दात खाणेही थांबले, परंतु ते औषधाने थांबले असे मी शपथेवर सांगणार नाही, कारण त्याच पंधरवड्यात त्याची परीक्षा संपून सुट्टी लागली होती.

जाता जाता भाषेविषयी एक गोष्ट. रागावलेला माणूस दातओठ खातो, आणि झोपलेले मूल दात खाते. क्रियापद एकच असल्यामुळे आपण नकळत मुलाच्या मनात राग दडला आहे असे समजतो आणि त्याला रागीट ठरवून मोकळे होतो. मोगराताईंच्या घरात तसे कोणी म्हणत असेल, तर ते कृपया मुलाच्या कानावर पडू देऊ नये.


उत्तर ३ : दंतकथा

काका, तुम्ही नेमके लिहिलेत, आणि जंतांचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला हे मान्य आहे. या विषयावरचे अभ्यास दोन्ही बाजूंना झुकतात; काहींत संबंध आढळला, काहींत आढळला नाही, त्यामुळे जंत हेच कारण असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. सुतासारख्या जंतांच्या खाजेने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेत दात खाल्ले जातात, एवढा दुवा मला पटण्यासारखा वाटतो. रात्री खाज असेल तर तुमच्या नातवासारखी तपासणी करावी.

आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत व शाळेत अल्बेंडाझोल मिळते. दोन वर्षांवरील मुलाला ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, त्याहून लहान बाळाला अर्धी. ती गोळी रक्तक्षय आणि कुपोषण टाळण्यासाठी उपयोगी आहे आणि ती जरूर घ्यावी. परंतु मोगराताईंच्या मुलाला हे औषध दोनदा मिळूनही आवाज तसाच आहे, तेव्हा तिसऱ्यांदा तेच करण्यात अर्थ नाही. वावडिंगाबाबतही माझे मत तेच आहे. आणि झोपलेल्या मुलाच्या तोंडात मीठच काय, काहीही घालणे धोक्याचे आहे, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तुम्ही ते टाळलेत हे फार चांगले केलेत.


उत्तर ४ : उंबरठा

मोगराताई, आमची मुलगी साडेचार वर्षांची असताना आमच्याकडे अगदी हेच चालले होते, आणि आम्ही एक वर्ष दातांकडेच पाहत राहिलो. ती तोंडाने श्वास घेई, झोपेत पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे, मान मागे टाकून झोपे, तिला डोक्याला दरदरून घाम येई, आणि थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले होते. दिवसा ती पेंगत नसे. उलट अतिशय चिडचिड करी आणि एका जागी बसत नसे, त्यामुळे झोप अपुरी पडते आहे हे आमच्या ध्यानातही आले नाही. मोठी माणसे झोप अपुरी झाली की जांभया देतात, मुले धिंगाणा घालतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

डॉक्टरांकडे गेल्यावर तिथे ती अर्थातच नाकाने श्वास घेत शहाण्यासारखी बसे. म्हणून एक उपाय सुचवते. रात्री तो गाढ झोपल्यावर, पांघरूण छातीच्या खाली घेऊन, चेहरा आणि छाती दोन्ही दिसतील असे तीन-चार मिनिटांचे चित्रण मोबाइलवर करावे, आवाजासह. आमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ते चित्रण पाहताच श्वास कुठे अडतो आहे ते बोट ठेवून दाखवले. पुढे मानेचा एका बाजूने एक्स-रे काढला, आणि ॲडेनॉइडने नाकामागची बरीचशी वाट अडवलेली आढळली. आधी काही आठवडे नाकात मारायचा फवारा देऊन पाहिला, त्याने पुरेसा फरक पडला नाही, तेव्हा शस्त्रक्रिया केली.

घोरणे पंधरा दिवसांत थांबले. दात खाणे खूप कमी झाले, पण पूर्ण गेले नाही. आजही सर्दी झाली किंवा लग्नाघरी जागरण झाले, की एखादी रात्र ऐकू येते. दात खाण्यासाठी म्हणून कोणी शस्त्रक्रिया करू नये, ती श्वासासाठी केली जाते. आमच्या डॉक्टरांनीही हेच बजावले होते.


उत्तर ५ : टिकटिक

यजमानांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. माझा कोल्हापुरात घड्याळ दुरुस्तीचा व्यवसाय आहे. वयाच्या चाळिशीत माझ्या डाव्या कानात दुखू लागले. कान तपासला, तो स्वच्छ निघाला. मग दोन दाढांना गार पाणी लागू लागले, आणि एका दाढेला केसाएवढी चीर गेल्याचे डॉक्टरांनी दाखवले. रात्री दात खातोस का, असे त्यांनी विचारले. पत्नीने कधीच आवाज ऐकलेला नव्हता.

नंतर उलगडा झाला तो दुकानात. डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळाचा बारीक स्क्रू चिमट्याने बसवताना मी श्वास रोखतो आणि दात गच्च आवळतो, आणि हे मी पंचवीस वर्षे करत होतो. आवळलेल्या दातांचा आवाज होत नाही, त्यामुळे ना मला कळले ना इतरांना. डॉक्टरांनी सांगितले, की जागेपणी दात आवळणे हा झोपेत दात खाण्याहून वेगळा प्रकार आहे, तो खूप लोकांत असतो, आणि एकाग्रतेचे काम, संगणक, वाहन चालवणे, हिशेब, वादावादी या वेळी तो वाढतो. निरोगी माणसाचे वरखालचे दात दिवसभरात एकमेकांना टेकतात ते फक्त गिळताना आणि चावताना, आणि तो सगळा वेळ एकत्र केला तरी अर्धा तास होत नाही, हे ऐकून मला खरोखर धक्का बसला, कारण ओठ मिटले की दातही मिटलेलेच असतात असे मी जन्मभर समजत होतो.

त्यांनी शिकवलेली युक्ती मराठी माणसाला फार सोपी जाते. मनातल्या मनात ‘म’ म्हणावा. ओठ मिटतात, पण दात सुटे राहतात. मग ‘न’ म्हणून जिभेचे टोक जिथे टेकते, म्हणजे वरच्या पुढच्या दातांच्या मागे, तिथेच ते सैल ठेवावे आणि खांदे खाली सोडून एक सावकाश श्वास बाहेर टाकावा. जबड्याची हीच विश्रांतीची जागा. आठवण राहावी म्हणून मी दिव्याच्या दांड्यावर, गिऱ्हाइकाच्या पावतीपुस्तकावर आणि फोनच्या पाठीवर लाल टिकल्या चिकटवल्या. टिकली दिसली की ‘म’ म्हणायचे. पहिल्या आठवड्यात दर वेळी दात आवळलेलेच सापडत. चार-पाच महिन्यांनी कानाचे दुखणे गेले. चिरलेली दाढ मात्र पुढे कॅप घालून वाचवावी लागली.

यजमान बँकेत आहेत, म्हणून विचारतो, की मार्चअखेरीस त्यांचा त्रास वाढतो का? त्यांनी एक दिवस काम करताना स्वतःला पकडून पाहावे.


उत्तर ६ : दंतकथा

टिकटिक यांनी लिहिले ते मी माझ्या रुग्णांना वाचून दाखवणार आहे. आता मोगराताईंच्या यजमानांविषयी, आणि इथे मी थोडे सविस्तर लिहिते, कारण मुलापेक्षा मला त्यांचीच काळजी अधिक वाटते.

प्रौढांत साधारण दहांपैकी एकजण झोपेत नियमित दात खातो आणि वयाबरोबर हे प्रमाण कमी होत जाते. सकाळी कानशिले दुखणे आणि दुपारपर्यंत ते निवळणे ही या त्रासाची ओळखीची खूण आहे. कानशिलावरचा स्नायू चावण्याचेच काम करतो आणि तो रात्रभर राबलेला असतो. परंतु सकाळची डोकेदुखी घोरण्यासोबत असेल तर ती झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराचीही खूण असू शकते, आणि दोन्ही एकाच माणसात असणे मुळीच दुर्मीळ नाही. त्यांचा श्वास घोरता घोरता थांबतो आणि मग हुंदक्यासारखा परत येतो का, दिवसा गाडीत किंवा बैठकीत डोळा लागतो का, रक्तदाब वाढला आहे का, हे पाहावे. यांपैकी काही असेल तर गार्ड करण्याआधी झोपेची तपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. वरच्या दातांवर बसवायच्या साध्या गार्डने काही रुग्णांत श्वास अडण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले आहे. अशा रुग्णांसाठी खालचा जबडा किंचित पुढे धरणारे वेगळे उपकरण असते, किंवा रात्री हवेच्या दाबाचे यंत्र लावावे लागते, आणि श्वास सुधारला की पुष्कळांचे दात खाणेही कमी होते.

दुसरी गोष्ट गोळीची. नैराश्य आणि चिंता यांवर दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी, विशेषतः फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीन यांनी, काही जणांत दात खाणे सुरू होते किंवा वाढते. त्रास दोन वर्षांचा आहे आणि गोळी आठ महिन्यांची, तेव्हा गोळीने तो सुरू झाला असे म्हणता येणार नाही. वाढला का, एवढे तुम्हीच सांगू शकाल. कृपया गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. एकदम बंद केल्याने चक्कर, बेचैनी आणि मूळ त्रास उसळून येण्याची भीती असते. मनोविकारतज्ज्ञांना हे सांगितले तर ते मात्रा बदलू शकतात, दुसरे औषध निवडू शकतात किंवा जोड औषध देऊ शकतात. अनेक रुग्ण जबड्याची तक्रार मनोविकारतज्ज्ञांना आणि गोळीची माहिती दंतवैद्याला सांगतच नाहीत, आणि दोघेही अर्धवट चित्रावर काम करत राहतात.

चहा, सिगारेट आणि मद्य या तिन्हींशी याचा संबंध आढळला आहे. संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद करणे हा विनाखर्चाचा उपाय आहे आणि तो आधी करून पाहावा.

गार्ड काय करतो आणि काय करत नाही, हे स्पष्ट असावे. तो दात खाणे थांबवतो याचा भरवशाचा पुरावा नाही. तो दात आणि कॅप वाचवतो, कारण झिजायचे ते प्लास्टिक झिजते. इनॅमल एकदा गेले की पुन्हा येत नाही, त्यामुळे तेवढे कामही थोडके नाही. दातांचे माप घेऊन केलेला कडक ॲक्रिलिकचा गार्ड मी पसंत करते. गरम पाण्यात मऊ करून चावायचा तयार गार्ड काही दिवसांची नड भागवतो, पण मऊ वस्तू तोंडात मिळाल्यावर काही जण ती अधिकच चावतात, आणि तो नीट बसला नाही तर दात हलू शकतात. गार्ड गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा. गरम पाण्यात घातला की त्याचा आकार बिघडतो. तपासणीला येताना तो सोबत आणावा, त्यावरच्या घासलेल्या खुणा आम्हाला बरेच काही सांगतात.

दात वाकडेतिकडे मिटतात म्हणून माणूस दात खातो, असा समज दीर्घ काळ आमच्या क्षेत्रातही होता, आणि त्यावरून चांगले दात घासून ‘चावा जुळवण्याचे’ उपचार केले गेले. आता त्याला आधार उरलेला नाही. केवळ दात खाणे थांबावे म्हणून कोणी निरोगी दात घासायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

बोटॉक्सची जाहिरात अलीकडे पुष्कळ दिसते, म्हणून एक वाक्य. गालाच्या स्नायूत ते टोचल्यावर आवळण्याचा जोर तीन-चार महिने कमी होतो, झोपेतला तो तरंग मात्र येतच राहतो. फार तीव्र दुखण्यात त्याचा विचार होतो, पहिला उपाय म्हणून नाही.


मोगरा_सातारा

सर्वांची मनापासून आभारी आहे. सहा आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काही घडल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

उंबरठाताईंच्या सांगण्यानुसार मुलाचे चित्रण केले. बालरोगतज्ज्ञांनी ते पाहून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवले. टॉन्सिल किंचित मोठे आहेत, ॲडेनॉइड मध्यम आहे आणि नाकात ॲलर्जीची सूज आहे, असे त्यांचे मत पडले. शस्त्रक्रियेची सध्या गरज नाही. नाकातला फवारा चालू आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचे आहे. पलंगाजवळचे जुने गाद्यांचे बोचके आम्ही हलवले. तो आता बऱ्याच रात्री तोंड मिटून झोपतो. दात खाणे आठवड्यातून दोन-तीन रात्री ऐकू येते, पूर्वी रोज येत असे. मागची नवी दाढ खरोखरच आलेली निघाली आणि मी तिला दुधाचीच समजत होते. तिचे फोटो काढून तारखेसह ठेवले आहेत.

यजमानांना ‘म’ची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेतून त्यांचा फोन आला, की रोकड जुळवताना त्यांनी स्वतःला तीनदा पकडले. टिकटिक यांच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, कॅपचा टवका मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच उडाला होता. मनोविकारतज्ज्ञांनी गोळीची मात्रा थोडी कमी केली आहे. झोपेच्या तपासणीची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली असून गार्डचे माप तोपर्यंत थांबवले आहे.

सासूबाईंना जुना_वाचक काकांचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. ‘बघ, मास्तरांनी पण जंत म्हटलंय,’ असे म्हणून त्या वावडिंगाची पुडी फडताळात ठेवायला गेल्या.